पाहुणे आले की कुत्रा अंगावर उड्या मारतो; काय करावे?

पिल्लू आईचे तोंड चाटून खाणे मागते. माणसाचे तोंड उंचावर असते, म्हणून कुत्रा उडी मारतो. ओरडणे, ढकलणे हेही त्याच्या लेखी लक्षच; गुडघा मारण्याचा जुना सल्ला तर इजा करणारा. कुत्र्याने उडी मारताच पाठ फिरवावी, हात छातीशी घ्यावेत, बोलू नये. चारही पाय टेकले की त्याच क्षणी खाऊ द्यावा, तोही जमिनीलगत. वरून दाखवला तर कुत्रा पुन्हा उसळतो. बेल वाजली की पट्टा लावून ‘बस’ सांगावे, बसल्यावरच दार उघडावे. लक्ष मिळेनासे झाले की सुरुवातीला उड्या वाढतात. तेव्हा माघार घेऊ नये. खरी अडचण बहुधा घरातलीच: सगळे पाठ फिरवतात आणि आजोबा ‘असू दे रे’ म्हणत कुरवाळतात. अशा अधूनमधून मिळणाऱ्या लाडाने सवय अधिकच चिवट होते.