कोरड्यात तगणारे जिवाणू: सोयाबीनच्या पेरणीनं शिकवलेलं

गडमुडशिंगीच्या शिवारात जूनमध्ये सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची घाई सुरू झाली की मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियम जिवाणूंची पाकिटं घरोघर येतात. ती वापरता वापरता पटलेल्या या गोष्टी.

1. पाकिटात जिवंत माल असतो. लिग्नाइटच्या काळ्या भुकटीत जिवाणू असतात. तापलेल्या पत्र्याच्या शेडात किंवा खतांच्या पोत्यांवर पाकीट टाकू नका. वापरायची अंतिम तारीख वाचूनच पाकीट घ्या.

2. सगळे जिवाणू सारखे काटक नसतात. बॅसिलस उपासमारीत बीजाणू बनवतो. स्पो-झिरो-ए हे प्रथिन त्या कामाची जनुकं चालू करतं, आणि तो बीजाणू वर्षानुवर्षं कोरडा टिकतो. सोयाबीनच्या पाकिटातल्या ब्रॅडीरायझोबियमला ही सोय नाही. त्याला कोरड उघड्या अंगानं सोसावी लागते.

3. तरी तो अगदीच निराधार नाही. संकटात लागणारी जनुकं चालू करणारं ईसीएफजी हे प्रथिन त्याच्याकडे असतं. एरवी नेपआर हे दुसरं प्रथिन त्याला वेसण घालून ठेवतं. ताण आला की फायआर हे तिसरं प्रथिन नेपआरला स्वतःकडे ओढतं आणि ईसीएफजी मोकळं होतं. कोरड पडल्यावर ट्रेहॅलोज साखर बनवणारी जनुकंही जोरात चालतात. ही साखर पेशीचं आवरण आणि प्रथिनं सांभाळते. प्रयोगशाळेत फायआर किंवा ईसीएफजी काढून टाकलेले उपाशी जिवाणू कोरड्यात लवकर मेले. सोयाबीनच्या मुळांवर त्यांच्या गाठीही धड झाल्या नाहीत.

4. जिवाणूंची ही तयारी एका क्षणात होत नाही. म्हणून बियाणं उन्हात ताडपत्रीवर पसरू नका, सावलीत सुकवा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू, हा क्रम मोडू नका. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या गार पाण्यात कालवून. चोळायचं हलक्या हातानं, कारण सोयाबीनची साल नाजूक असते.

5. घात आल्याशिवाय कुरी जुंपू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल मुरू द्या. वळवाच्या एका सरीवर पेरलं आणि पुढं उघडीप पडली, तर बियाण्यावरचे जिवाणू आधी जातात. बीजप्रक्रियाही पेरणीच्या दिवशीच करा.

6. सोयाबीनआधी रानात ऊस असेल तर त्याचं पाचट जाळू नका. उन्हाळ्यात जमिनीतले जिवाणू मातीच्या बारीक कणांत, उरलेल्या ओलीच्या आधारानं तगतात. पाचटाखाली ती ओल जास्त दिवस राहते.

7. पारख मुळाशी करा. महिना-सव्वा महिन्यानं रोप खुरप्यानं खणून काढा. उपटलंत तर गाठी मातीतच राहतील. गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर नत्राचं काम चालू आहे. ती लाली लेगहिमोग्लोबिनची. पांढरट किंवा हिरवट गाठी फारशा कामाच्या नसतात. अशाच जास्त दिसल्या तर जिवाणूंच्या नावानं बोटं मोडण्याआधी पाकीट कुठं ठेवलं होतं आणि बियाणं कुठं वाळवलं, ते घरात विचारा.