आरोप करण्यापूर्वी

गेल्या सत्रात नकाशावाचनाच्या सरावाला उस्तादांनी माझी जोडी नेमकी प्रतिस्पर्धी हाउसच्या कॅडेटशी लावली. होकायंत्र माझ्याकडे, पावले मोजण्याचे काम त्याच्याकडे. पहिल्या दोन खुणा सापडल्या, तिसरी काही सापडेना. "तू पावलं चुकलास," असे मी त्याला सगळ्यांसमोर सुनावले. तो गप्प राहिला.

त्याच आठवड्यात ग्रंथालयात आयझॅक आसिमॉव्ह यांची 'द केव्ज ऑफ स्टील' ही कादंबरी हाती आली. १९५४ साली पुस्तकरूपाने आलेली ही विज्ञानकथा म्हणजे खुनाचे रहस्यही आहे. भविष्यकाळातील न्यूयॉर्क हे छताखाली बंद केलेले अवाढव्य शहर आहे. त्याला लागून परग्रहावर वसलेल्या माणसांची वसाहत आहे. तेथील शास्त्रज्ञ डॉ. सार्टन यांचा खून होतो. तपास शहराचा पोलीस अधिकारी एलायजा बेली याच्याकडे येतो, पण अट अशी की वसाहतीचा प्रतिनिधी आर. डॅनील ओलिव्हॉ याला सोबत घ्यायचे. 'आर.' म्हणजे रोबो! डॅनील दिसायला हुबेहूब माणूस. रोबोंमुळे लोकांच्या नोकऱ्या जात आहेत. यानेच गुन्हा उकलला तर आपले पदही जाईल, ही बेलीची भीती.

कोडे मोठे गमतीचे आहे. वसाहतीच्या दारावर शस्त्र काढून घेतात. उघड्या माळरानावरून शस्त्र घेऊन जावे, तर छताखाली वाढलेल्या शहरवासीयांना मोकळ्या आकाशाचीच धास्ती. रोबो माळ ओलांडू शकतो, पण त्याला नियम बांधलेले आहेत. पहिला, माणसाला इजा करायची नाही आणि होऊही द्यायची नाही. दुसरा, पहिला नियम न मोडता माणसाची आज्ञा पाळायची. तिसरा, हे दोन्ही सांभाळून स्वतःला जपायचे. मग खून केला कोणी? ते मी सांगणार नाही, तुम्हीच वाचा.

मला खिळवून ठेवले ते बेलीच्या चुकांनी. डॅनील रोबो नसून माणूसच आहे, असा आरोप तो करतो. डॅनील शांतपणे हाताचे आवरण उघडून आतील यंत्र दाखवतो. मग त्याच्यात पहिला नियमच नाही, असा दुसरा आरोप! रोबोतज्ज्ञाच्या तपासणीत तोही खोटा ठरतो. दोन्ही वेळा बेलीने आधी गुन्हेगार ठरवला आणि पुरावा नंतर शोधला. तरीही डॅनील सोबत राहतो. रोबोला अपमान लागत नाही.

माझा जोडीदार मात्र यंत्र नव्हता.

पुढच्या रविवारी परवानगी घेऊन मी त्याला पुन्हा मैदानावर नेले. त्याने पावले मोजली, मीही मोजली. आकडा तोच आला. मग दुसऱ्या खुणेपाशी परतलो. तेथे लोखंडी कुंपण होते, आणि त्याला खेटूनच मी दिशा घेतली होती! तो म्हणाला, "जरा लांब येऊन बघ." कुंपणापासून दूर जाताच सुई वळली. चूक माझीच होती.

दुसऱ्या दिवशी फॉल-इनच्या वेळी, जितक्या जणांसमोर आरोप केला होता तितक्यांसमोरच मी त्याची माफी मागितली. पुढच्या सरावाला उस्तादांनी जोडीदार निवडायला सांगितले, तेव्हा तो स्वतःहून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. या वेळी मी होकायंत्र त्याच्या हाती दिले.