नगराच्या हद्दीबाहेरील नळ व विहीर : परवानगी आणि दक्षता

कन्हान नदीकाठचे खापा हे सावनेर तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत नळजोडणीसाठी अर्ज कोठे करावयाचा, हे रहिवाशांस ठाऊक असते. हद्दीबाहेर शिवारात घर बांधणाऱ्यास मात्र पुष्कळदा असे वाटते की, जमीन आपली, विहीर आपली, मग परवानगी कशाला? हा समज चुकीचा आहे. जमिनीखालचे पाणी धुरा ओळखत नाही, आणि सार्वजनिक नळाला जोडलेली प्रत्येक तोटी शेजाऱ्याच्या तोटीशीही जोडलेली असते.

नळजोडणी

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील ग्रामसूचीत पिण्याच्या पाण्याचा पुरवठा हा विषय अंतर्भूत आहे. यास्तव पंचायतीच्या योजनेवरून जोडणी हवी असल्यास लेखी अर्ज ग्रामपंचायतीकडेच करावा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे. हे पाणी पिण्यासाठी व घरवापरासाठी आहे, बागेच्या ओलितासाठी नव्हे. विनापरवाना जोडणी घेतल्यास किंवा नळावर थेट पंप बसविल्यास शेवटच्या घरापर्यंत पाणी पोहोचत नाही. शिवाय पंपाच्या ओढीने नलिकेच्या फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते.

विहीर व विंधन विहीर

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत विहीर घेण्यास पूर्वपरवानगी लागते. हे बंधन १९९३ च्या कायद्याने घातले. पुढे भूजल अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून अंमलात आला; त्यानेही सार्वजनिक उद्भवांना संरक्षण दिले आहे. ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ७८ हेक्टर क्षेत्र येते. म्हणजे गावाच्या एका विहिरीभोवती अनेक शेतकऱ्यांची शेते या मर्यादेत सापडतात. म्हणून खोदाईपूर्वी अंतर मोजून घ्यावे. पंचायतीची तोंडी संमती पुरेशी मानू नये. अधिसूचित क्षेत्रात शेती वा उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. खोदाईयंत्राच्या मालकाची नोंदणी झालेली आहे काय, तेही पाहावे.

या नियमांमागील कारण दूर नाही. अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी या संत्र्याच्या तालुक्यांत भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून अधिक झाला. कठीण खडकात पाणी भेगांतून वाहते. एकाने खोल उपसले की दुसऱ्याची विहीर आटते. पिण्याचे पाणी गेले की बाग वाचूनही कुटुंब अडचणीत येते.

फवारणीचे पिंप

परवानगीच्या कागदात न दिसणारा एक धोका संत्रा बागाईतदारांनी विशेष ध्यानात ठेवावा. पिंपात बोर्डो मिश्रण वा कीटकनाशक तयार करताना नळाची नळी पिंपातील द्रावणात बुडविली जाते. त्याच वेळी वीज गेली अथवा मुख्य नलिकेतील दाब उतरला, तर तेच द्रावण मागे ओढले जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते. यासाठी नळीचे टोक पिंपाच्या काठापासून किमान एक वीत वर धरावे. पाणी आधी वेगळ्या टाकीत भरून मग पिंपात ओतणे सर्वांत उत्तम.

शोषखड्डा

शौचालयाचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १५ मीटरांहून जवळ नसावा. भेगाळ खडकात हे अंतर आणखी वाढवावे. खड्डा शक्यतो विहिरीच्या उताराकडील बाजूस असावा. पाण्याची व सांडपाण्याची नलिका एकाच चरात टाकू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे

पेरणीच्या घाईपूर्वी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांची रेषा गावनकाशावर आखून पंचायतीच्या फलकावर लावावी. अर्जाची प्रत व पोच जपून ठेवण्यास शेतकऱ्यांस सांगावे. विहीर खोदून झाल्यावर नियम समजल्यास घातलेला खर्च वाया जाण्याची भीती असते. खोदण्यापूर्वी समजल्यास केवळ जागा बदलावी लागते. आधी चौकशी, मग खोदाई, हाच क्रम हितावह होय.