अक्षरं वेगळी, अंक वेगळे : जावास्क्रिप्टचा एक छोटा धडा

मुलांना वेबपेजवर वर्गाची यादी करायला सांगा. हजेरी क्रमांक इंग्रजी लिपीत द्या : ए१, ए२, ए१०. आता जावास्क्रिप्टच्या 'सॉर्ट'ने यादी लावा. क्रम येईल ए१, ए१०, ए२! मुलं लगेच म्हणतील, "कॉम्प्युटर चुकला." पण तो चुकलेला नसतो. त्याच्यासाठी 'ए१०' ही स्ट्रिंग आहे, म्हणजे चिन्हांची माळ. तो एकेक मणी ताडून बघतो. १ हा २ च्या आधी येतो, एवढ्यावरच निकाल लागतो.

म्हणून माळ योग्य जागी तोडायची. नियम सोपा आहे : अक्षरं संपून अंक सुरू झाले, की तिथे तुकडा पाडा. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये हे एका ओळीत होतं. उलटी तिरकी रेघ आणि लहान डी म्हणजे अंक. तीच रेघ आणि मोठा डी म्हणजे अंक सोडून काहीही. पुढे अधिक चिन्ह दिलं की 'एक किंवा जास्त', आणि मधली उभी रेघ म्हणजे 'किंवा'. शेवटी जी लावून हे 'मॅच'ला दिलं, की 'ए' आणि '१०' असे दोन तुकडे हातात येतात. दुसरा तुकडा अजून स्ट्रिंगच असतो, तो 'नंबर'ने संख्येत बदला. मग आधी अक्षरं ताडा, ती सारखी असतील तर संख्या. यादी बरोबर लागते.

दोन गोष्टी मात्र मुलांना जरूर करून दाखवा.

पहिली, देवनागरी अंक. जावास्क्रिप्टमधला लहान डी फक्त इंग्रजी ० ते ९ ओळखतो. हजेरी क्रमांक मराठी अंकांत टाईप केले तर तुकडे पडणारच नाहीत, आणि 'नंबर'सुद्धा 'ही संख्या नाही' असंच उत्तर देईल. आधी मराठी अंकांच्या जागी इंग्रजी अंक घालून घ्या.

दुसरी, पुढची शून्यं. गाडीच्या नंबरातल्या ००४५ ची संख्या केली की उरतात फक्त ४५. गाडीचा नंबर ही मोजणी नाही, ते नाव आहे.

म्हणून तुकडे पाडल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारा : या अंकांची बेरीज करायची आहे का, किंवा लहान-मोठं ठरवायचं आहे का? उत्तर 'हो' असेल तरच संख्या करा. नाहीतर आहे तसं राहू द्या. पिनकोड, मोबाईल नंबर, गुण, वय यांवर घरी विचारून बघा. कोड लिहिण्याआधीचा विचार इथेच सुरू होतो.