भिंगाची परीक्षा

उर्दूत भिंगाला ‘अदसा’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अदस’ म्हणजे मसूर यावरून आला आहे. ‘लेन्स’ या शब्दाचे मूळही लॅटिन भाषेतील मसुराच्या नावात आहे. दोन्ही बाजूंनी फुगीर असलेले भिंग मसुराच्या दाण्यासारखे दिसते.

समजा, हिंगोलीतील एका छायाचित्रकाराने लग्नाचे फोटो काढले. नवरीचा चेहरा अंधुक आला. मागची फुलमाळ मात्र स्पष्ट आली. तो समारंभ पुन्हा होणार नाही. भिंग दुरुस्तीसाठी मोठ्या शहरात पाठवले, तर पैसे लागतील आणि काही दिवसांचे कामही बुडेल. पण दोष खरोखर भिंगाचाच आहे का? हे घरच्या घरी तपासता येते.

प्रथम भिंग मऊ कापडाने हलकेच पुसावे. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा भक्कम टेबलावर ठेवावा. सुमारे दीड मीटर अंतरावर छापील अक्षरांची एक पेटी सरळ उभी करावी. तिच्या शेजारी 30 सेंटिमीटरची पट्टी तिरपी ठेवावी. पट्टीचे एक टोक कॅमेऱ्याकडे खाली, तर दुसरे मागे उंच असावे. 15 हा आकडा पेटीच्या दर्शनी बाजूच्या रेषेत यावा.

आता भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे आणि पेटीवरील अक्षरांवर फोकस करावा. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून टायमर लावावा. असे पाच फोटो काढावेत. प्रत्येक वेळी आधीचा फोकस मोडून तो नव्याने करावा.

फोटो मोठे करून पाहा. पाचही फोटोंत 15 हा आकडा स्पष्ट असेल, तर भिंग बहुधा ठीक आहे. चूक फोटो काढण्याच्या पद्धतीत शोधावी. प्रत्येक वेळी पुढचा किंवा मागचा एकच आकडा स्पष्ट दिसला, तर फोकस चुकतो आहे. मग हाताने फोकस करून पाहावे. आता 15 स्पष्ट आला, तर काच चांगली आहे. दोष आपोआप फोकस करणाऱ्या यंत्रणेत आहे. काही कॅमेऱ्यांत तो सेटिंग बदलून दूर करता येतो. तरीही फोटो अंधुकच आला, तर भिंग कारागिराला दाखवावे आणि हे फोटो सोबत न्यावेत.

हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारली जात आहे. केंद्र सरकारने तिला 2023 साली मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांब असतील. लेसर किरण व आरसे यांच्या साह्याने ती अवकाशातील गुरुत्वीय लहरी टिपेल. इतक्या नाजूक यंत्राला जमिनीचे बारीक हादरेही जाणवतात. म्हणून आलेला संकेत कशाचा आहे, हे शास्त्रज्ञांना आधी तपासावे लागते. टेबलावरची आपली परीक्षाही त्याच रीतीची आहे. एकेक कारण तपासून बाजूला काढले, की खरा दोष सापडतो.

शब्दार्थ
अंधुक – अस्पष्ट
दर्शनी – समोरची
भुजा – बाजू, हात
संकेत – खूण

स्वाध्याय
1. भिंगाला ‘अदसा’ हे नाव का पडले?
2. फोटो काढताना टायमर का लावावा?
3. फोकस चुकतो आहे, हे पट्टीवरून कसे ओळखावे?