पोशेरा आणि कास्कावेल : दोन गावं, दोन घड्याळं

नकाशाची वही काढा. मोखाडा तालुक्यातलं पोशेरा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २० अंशांवर आहे. आता विषुववृत्त ओलांडून तेवढंच दक्षिणेला जा आणि थोडं पश्चिमेला सरका. हिंदी महासागरात मॉरिशस बेट सापडेल. त्याच्या पश्चिम भागात कास्कावेल नावाचं गाव आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबं राहतात, म्हणून तुलनेसाठी हेच गाव घेऊ.

पोशेऱ्यात शाळेची घंटा सकाळी ११ वाजता झाली, तर कास्कावेलला घड्याळात ९.३० वाजलेले असतात. फरक दीड तासाचा, म्हणजे ९० मिनिटांचा.

आता हे रेखांशावरून पडताळून पाहू. पोशेरा सुमारे ७३.३ अंश पूर्वेला, कास्कावेल सुमारे ५७.४ अंशांवर. फरक जवळजवळ १६ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे १६ × ४ = ६४. मग उरलेली २६ मिनिटं आली कुठून?

गणित चुकलेलं नाही, बरं का. घड्याळ गावाच्या सूर्यावर चालत नाही, देशाने ठरवलेल्या रेषेवर चालतं. आपली रेषा ८२.५ अंशांची, मिर्झापूरजवळून जाणारी. पोशेरा तिच्या ९.२ अंश पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी ३७ मिनिटं मागे. मॉरिशसची रेषा ६० अंशांची, तिथला सूर्य फक्त १० मिनिटं मागे. ३७ मधून १० वजा करा. २७ येतात, एका मिनिटाचा फरक आपण आकडे पूर्ण केल्यामुळे पडला.

पूर्वी मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागची 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकून होती. मॉरिशसनेही २००८-०९ च्या उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करून पाहिलं आणि नंतर तो प्रयोग सोडून दिला.

खात्री करायची असेल तर शाळेच्या मैदानात एक सरळ काठी रोवा. सावली सगळ्यात आखूड होते तो खरा मध्यान्ह. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो बारा वीसच्या आसपास येईल, जानेवारीच्या मध्यावर मात्र पाऊण वाजेल.

दोन्ही गावं विषुववृत्तापासून सारखीच लांब, पण ऋतू उलटे. २१ जूनला पोशेऱ्यात दिवस सव्वातेरा तासांचा असतो. भाजलेल्या राबात भात, नाचणी, वरईची रोपं वर येत असतात. त्याच दिवशी कास्कावेलला थंडी असते आणि दिवस अकरा तासांहूनही थोडा लहान. तिकडे तेव्हा ऊसतोड सुरू झालेली असते.

तो ऊसच या मराठी माणसांना तिथे घेऊन गेला. १८३४ पासून इंग्रजांनी करारावर हिंदुस्थानातून मजूर नेले, त्यांत कोकणातलेही पुष्कळ होते. ते पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरले, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. परतीची बोट न धरता बरेच जण तिथेच राहिले. आज त्यांच्या नातवंडांची बोलीभाषा क्रिओल आहे, मराठी ती शाळेत विषय म्हणून शिकतात. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

आपल्या भागातून दिवाळी झाली की घरंच्या घरं बयाणा घेऊन भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. 'जगायला चाललो' असंच आपण म्हणतो. वर्गातले काही बाक तेव्हापासून पावसाळ्यापर्यंत रिकामे असतात. भट्टीवर कामाला सुरुवात होते ती अंधारातच. तिथे ना सूर्याची वेळ चालते ना घंटेची. तुमच्यापैकी जे जाणार असतील, त्यांनी ही वही सोबत न्या आणि काठीचा प्रयोग तिथे करून पाहा. भिवंडी पोशेऱ्याच्या थोडी पश्चिमेला आहे, एक-दीड मिनिटाचा फरक पडायला हवा.

आता एक गणित. कास्कावेलच्या एखाद्या घरातून रात्री ९ वाजता कुणी पोशेऱ्याला फोन लावला, तर इथे किती वाजलेले असतील? उत्तर काढताना तुम्ही ६४ मिनिटं घेतली की ९०, तेही वहीत लिहा.