आधी खोली ऐका, मग हेडफोन घ्या

नांदेडात जुन्या कॅसेटा संगणकावर उतरवून देण्याचं काम मी करतो. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुठल्या सप्ताहातलं कीर्तन, कुणाच्या लग्नातली सनई. दिवसभर हेडफोन कानावर असतो, म्हणून ओळखीतले लोक कोणता घ्यावा हे मला विचारतात. त्यांत लातूरला शिकवणीसाठी ठेवलेल्या मुलांचे आईवडील जास्त. पैसे किती घालायचेत ते नंतर. मी आधी विचारतो, पोराच्या खोलीत कूलर आहे का?

हा प्रश्न मी माझ्या भाचीमुळे विचारायला लागलो. ती लातूरला नीटची तयारी करत होती. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ऐकायची म्हणून तिच्या बाबांनी नावाजलेल्या कंपनीचा, खुल्या पाठीचा हेडफोन घेऊन दिला. खुल्या पाठीचा म्हणजे कानावरच्या वाटीला बाहेरून जाळी असते. आवाज मोकळा, ऐसपैस येतो. डोकं जड होत नाही. शांत खोलीत त्याच्यासारखं सुख नाही. पण जाळीतून बाहेरचंही सगळं आत येतं. मे महिन्यातली लातूरची खोली, उशाशी कूलर, शेजारच्या कॉटवर मोठ्यानं पाठांतर. सरांचा आवाज त्या घरघरीच्या वर काढायचा म्हणून पोरगी व्हॉल्यूम चढवत गेली. रात्री हेडफोन काढला की कानात शिट्टी वाजायची. आधी सकाळपर्यंत जायची, पुढे पुढे जाईना. तपासणीत ४००० हर्ट्झच्या आसपास ऐकणं उतरलेलं निघालं. मोठ्या आवाजानं कान दुखावतो तेव्हा घसरण बहुधा तिथंच आधी दिसते. हेडफोनमध्ये काडीचा दोष नव्हता. तो त्या खोलीचा नव्हता, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठीचं प्रमाण ध्यानात ठेवा: ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास. आवाज ३ डेसिबलनं चढला की मुभा निम्मी होते. ९० डेसिबलवर आठवड्याला ४ तासच उरतात. शिकवणीचं पोर एवढे तास एका दिवसात सहज ऐकतं.

म्हणून कूलर, रस्ता, रूममेट यांपैकी काहीही असेल तर बंद पाठीचा आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. दुकानात तो घालून गाणं न लावता नुसतं उभं राहा. बाजारातला गलका किती दबतो, ते पाहा. चष्मा असेल तर चष्म्यासकट घाला, कारण काडीमुळे गादी कानाशी नीट बसत नाही, फट राहते आणि त्या फटीतून खर्ज निघून जातो. पखवाज फुसका वाजतो आणि आपण कंपनीला नावं ठेवतो. कूलरसारख्या एकसुरी घरघरीवर नॉइज कॅन्सलिंग चांगलं चालतं. माणसांच्या बोलण्यावर त्याचा तितका इलाज नाही. ब्लूटूथवाला घेतलात तर एक पाहा: संगणकावर मीटिंगसाठी त्याचाच माइक चालू केला की बऱ्याच हेडफोनचा आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. वायरवाल्याला ही अडचण नाही.

आता अॅम्प्लिफायर. दुकानात सर्रास ऐकू येतं, "काका, अॅम्प लावल्याशिवाय मजा नाही." हे घेण्याआधी खोक्यावरचे दोन आकडे वाचा. ओहम म्हणजे हेडफोनचा रोध आणि डेसिबलमध्ये दिलेली असते ती संवेदनक्षमता. नुसत्या ओहमवर जाऊ नका. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा नावाजलेला हेडफोन ३०० ओहमचा आहे, म्हणून लोक त्याला घाबरतात. पण तो १ व्होल्टला ९७ डेसिबल देतो, आणि डेस्कटॉपच्या मागच्या हिरव्या भोकातून साधारण तेवढा व्होल्ट निघतो. ऑडिओ टेक्निकाचा एम२०एक्स ४७ ओहमचा. त्याचा ९६ हा आकडा १ मिलिवॅटचा आहे. व्होल्टवर आणलं तर तो १०९ डेसिबलच्या घरात जातो. एका खोक्यावर मिलिवॅट, दुसऱ्यावर व्होल्ट, असे आकडे शेजारी ठेवून तुलना केली की फसगत ठरलेली. ८० डेसिबलवर ऐकायचं असेल तर या दोघांनाही अॅम्पवाचून काही अडत नाही. एकच मॉडेल वेगवेगळ्या ओहममध्ये मिळत असेल (बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो), तर संगणकासाठी ३२ किंवा ८०चा घ्या.

अॅम्प खरंच लागतो तो मूळ रेकॉर्डिंगच हळू असताना. माझ्याकडच्या कितीतरी कॅसेटा तशा असतात. पण तिथंही मी फाइलचाच आवाज ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वाढवून घेतो. ते फुकटात होतं. अॅम्पमुळे ताकद वाढते, फुसका आवाज गोड होत नाही. पैसे आधी हेडफोनला घाला.

घुमण्यावर उपाय म्हणून अॅम्प विकला जातो, तेव्हा मात्र मला फार वाईट वाटतं. लातूरच्या एका ओळखीच्या शिक्षकांच्या हेडफोनमध्ये सतत गुंऽऽ असा आवाज यायचा. त्यांना अॅम्प दिला गेला. तो लावल्यावर लेक्चर मोठं झालं आणि गुंगुंही तेवढंच मोठं झालं. शेवटी वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावला आणि म्हणाला, "सर, अर्थिंगच नाही वो तुमच्या बोर्डाला." तीन पिनचं सॉकेट होतं, तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. आपल्याकडे भाड्याच्या खोल्यांमध्ये हे फार आढळतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हेडफोन बाजूला ठेवा आणि आधी वायरमन बोलवा. तो जिवाचा प्रश्न आहे. वायर असली तरी खड्ड्यातली माती सुकली की अर्थिंग कमजोर पडतं. म्हणून मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात त्यात पाणी घालायची पद्धत आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलेल्या लातुरात ते कुणाच्या लक्षात राहणार? पण दुष्काळी गावातच त्याची गरज जास्त.

दोष कुठं आहे ते घरीच कळतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घुमणं थांबलं तर ते विजेतून येतंय. डेस्कटॉप असेल तर तोच हेडफोन मोबाइलला लावून पाहा. माउस हलवला की चिरचिर होत असेल तर ती मदरबोर्डची. पुढच्या भोकाऐवजी मागचं वापरा. त्यानंही भागलं नाही तर यूएसबीला लागणारं छोटं साउंड कार्ड घ्या. ते अॅम्पच्या मानानं बरंच स्वस्त पडतं, आणि माझ्या पाहण्यात बहुतेकांचं तेवढ्यावर भागलंय.

पिनेचंही पाहून घ्या. मोबाइलच्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, जुन्या डेस्कटॉपला दोन रेघांच्या दोन वेगळ्या पिना लागतात, हिरवी आणि गुलाबी. पिन नीट बसली नाही की गाणारा गायब होतो, नुसती पेटी आणि झांज लांबून ऐकू येतात. अर्थची कडी टेकली नाही की डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा होतात, आणि गाणारा दोन्हींत सारखाच असतो. हेडफोन बिघडलेला नसतो. दोन पिनांत फोडणारी छोटी वायर मिळते.

विकत घेताना स्वतःचं, ओळखीचं काही सोबत न्या. मी पंडित नाथराव नेरळकरांचं गाणं नेतो. त्यांना समोर बसून ऐकलेलं असल्यामुळे तो आवाज खरा वाजतोय की नाही, हे लगेच उमगतं. मागे तानपुरा अखंड ऐकू आला पाहिजे. लेक्चरसाठी घेत असाल तर सरांचा "स" आणि "श" कानाला टोचतो का ते पाहा. तासन्‌तास ऐकताना तेच छळतं. गाद्या आणि वायर सुट्या मिळतात का, हे बिल करण्याआधी विचारा. आपल्या उन्हात आणि घामात रेक्झिनचे पापुद्रे सुटतात. कापडी गादी जास्त टिकते, पण बाहेरचा आवाज थोडा जास्त आत सोडते.

आणि कानात शिट्टी राहिली किंवा बोलणं पुसट यायला लागलं, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा. त्यावरच्या औषधांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त होतो.